उजवी सीट

विमान उडवायच्या आधी त्याच्या डाव्या पंखाला रुमाल लावून तोंडाने हवा ओढायची असते, हे मी कुणाला सांगितलं की त्यांना वाटतं मी काहीतरी रचून सांगतेय. पण खरंच तसं आहे. सेसना १५२ नावाचं दोन सीटचं छोटं विमान, त्याच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक बारीक फट असते, तिथे स्वच्छ रुमाल धरायचा, टाचा उंच करायच्या आणि स्ट्रॉने उसाचा रस ओढतो तशी हवा ओढायची, की आतून, कॉकपिटच्या कोपऱ्यातून, जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज येतो. तो आला की समजायचं स्टॉल वॉर्निंग, म्हणजे पंखांची उचल जाणार असल्याचा इशारा, ठीक आहे. वर आकाशात वेग फार कमी झाला आणि नाक फार वर गेलं की त्या फटीपाशी हवेचा दाब कमी होतो, हवा आपोआप ओढली जाते आणि तीच पिपाणी वाजते. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, काहीच लागत नाही.

माझ्याकडचा रुमाल निळ्या चौकडीचा होता. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा.

परवा भाचीचा फोन आला. ती सध्या वैमानिकाच्या ट्रेनिंगला आहे, वीस वर्षांची, पंधरा-सोळा तास उडून झालेत तिचे. म्हणाली, आत्या, तुझा तो रुमाल अजून आहे का गं? म्हटलं आहे की, कपाटात. मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, सर म्हणालेत पुढच्या आठवड्यात बहुतेक सोलो, म्हणजे पहिल्यांदा एकटीने उडायचं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि डोक्यात जे जे आलं ते लिहायचं ठरवलं, म्हणून हे सगळं.

आम्ही नाशिकचे. नाशिकच्या माणसाला आकाशातल्या आवाजाचं फारसं काही वाटत नाही. उपनगर-गांधीनगरच्या बाजूला लहानाचा मोठा झालेला कुणीही सांगेल, लष्कराची हेलिकॉप्टरं डोक्यावरून जायची आणि शाळेत बाई शिकवताना दोन मिनिटं थांबायच्या, की परत पुढचं वाक्य. आर्मी एव्हिएशनचे वैमानिक तिथेच शिकतात. आणि ओझरकडे लढाऊ विमानं. अण्णा ओझर मिगला, म्हणजे तिथल्या विमान कारखान्यात होते, चौतीस वर्षं, शीट मेटल आणि रिव्हेटिंगमध्ये. आधी मिग, आणि निवृत्त होता होता सुखोईचं काम सुरू झालेलं त्यांनी बघितलं. घरी आले की बोटांच्या पेरांना एक धातूचा वास असायचा, लाइफबॉयने धुतले तरी जायचा नाही. ज्या विमानांचे पत्रे त्यांनी जोडले ती आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारी. पण अण्णा स्वतः? एकदाही कुठल्याच विमानात बसले नव्हते. काम संपलं की कंपनीची बस, आणि बसमधून घर.

त्यामुळे मी पहिल्यांदा १५२ बघितलं तेव्हा माझ्या डोक्यात विमान म्हणजे ओझरचं विमान होतं. २००९ सालचा ऑक्टोबर, मी उडवायला शिकायला गेले ती खानदेशातली एक धावपट्टी, कडेला वाळलेलं गवत आणि हँगरच्या सावलीत हे उभं. पांढरं, वरून पंख, खाली तीन छोटी चाकं, पुढे दोन पात्यांचा पंखा. मी जवळ गेले, हात लावला. पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दाबला तर दबेल असं वाटलं. रिकामं विमान साधारण ५०० किलोचं, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० पेक्षाही हलकं. माणसं, पेट्रोल, बॅगा सगळं धरून ७५७ किलोच्या वर जायचं नाही. इंजिन ११० हॉर्सपॉवर. आतमध्ये दोन माणसं बसली की खांद्याला खांदा घासतो, दार लावताना कोपर सांभाळावं लागतं, आणि मे महिन्यात खानदेशच्या उन्हात आत बसणं म्हणजे काय ते तिथे बसलेल्यालाच कळतं. म्हणून आमचं फ्लाइंग पहाटे. साडेपाचला उठून सहाला विमानापाशी, कारण नंतर ऊन चढलं की हवा पातळ होते, विमान चढायला कां कूं करतं, आणि जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेने असे गचके बसतात की सरळ उडवणंसुद्धा मुश्कील.

सरांनी पहिले चार दिवस मला उडवलंच नाही. नुसतं विमानाभोवती फिरायला लावलं. तेव्हा राग आलेला, आज मी घरी मुलांना ग्राउंड सब्जेक्ट्स, म्हणजे वैमानिकाचे वर्गातले विषय, शिकवते तेव्हा मीही तेच करते, फोटो दाखवून का होईना. टायर बघ, ब्रेकची नळी गळतेय का बघ, बिजागरीतली पिन जागेवर आहे का, पंख्याच्या पात्याच्या कडेवरून बोट फिरव, खडा उडून खाच पडली असेल तर बोटाला कळते, डोळ्याला नाही कळत. टाकीत पेट्रोल किती हे काट्यावर बघायचं नाही, शिडीवर चढून झाकण उघडून कांडी बुडवून बघायचं. आणि मग टाकीच्या खालून थोडं पेट्रोल एका पारदर्शक नळीत काढायचं, उजेडात धरायचं.

हे पेट्रोल निळं असतं. एव्हिएशन गॅसोलीन, फिकट निळं, रांगोळीतल्या निळ्यात भरपूर पांढरी मिसळावी तसं. सप्टेंबरातली एक सकाळ मला स्वच्छ आठवते, रात्रभर पाऊस पडून गेलेला, मी नळी उजेडात धरली आणि तळाशी एक गोळा दिसला, काचेच्या गोटीएवढा, रंग नसलेला, निळ्याच्या खाली शांत बसलेला. पाणी. पाणी पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं, आणि टाकीचा तळ म्हणजे जिथून इंजिनाला पुरवठा होतो ती जागा. जमिनीवर हा गोळा नळीत दिसतो, तो दिसला नसता तर टेकऑफ झाल्यावर तीनशे फुटांवर इंजिनाने सांगितला असता. सरांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, परत काढ. परत काढलं, परत गोळा, लहान. परत काढ. पाच वेळा काढल्यावर नळी वरपासून खालपर्यंत एकसारखी निळी दिसली. मग पंख धरून विमान हलवलं, पाच मिनिटं थांबलो, आणि सहाव्यांदा काढलं. त्या दिवशी उडायला पाऊण तास उशीर झाला, आणि त्या पाऊण तासात मी जे शिकले ते पुढच्या दोनशे तासांत माझ्याबरोबर होतं.

लोक विचारतात, दोन सीटच्या विमानाचा उपयोग काय? ना सामान नेता येत, ना घरची माणसं, वेग बघितला तर ताशी १८० किलोमीटरच्या आसपास. परदेशात अशी विमानं पाइपलाइनवर नजर ठेवायला, विजेच्या तारा तपासायला, वरून फोटो काढायला, मागे जाहिरातीचा लांब कपडा बांधून समुद्रकिनाऱ्यावर फिरवायलाही वापरतात. आपल्याकडे त्याचं मुख्य काम एकच, शिकवणं. आणि शिकवण्यासाठी हळू असणं हाच गुण आहे हे मला फार उशिरा कळलं. उतरताना याचा वेग साधारण ६५ नॉट्स, म्हणजे ताशी १२० किलोमीटर, समृद्धीवर गाड्या पळतात तेवढा. पंखांचे फ्लॅप्स, म्हणजे मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या, पूर्ण खाली असले तर अगदी ३५ नॉट्सच्या आसपास काटा आल्यावर हे स्टॉल होतं. म्हणजे चुकायला वेळ मिळतो, चूक झाल्याचं कळायला वेळ मिळतो आणि ती निस्तरायलाही. वरती तीनसाडेतीन हजार फुटांवर जाऊन सर मुद्दाम पॉवर काढायला सांगायचे, नाक वर धर, अजून वर, अजून, आणि मग ती पिपाणी सुरू व्हायची, पंख थरथरायला लागायचे, एका क्षणी नाक आपोआप खाली झुकायचं, पोटात खड्डा. मी पहिल्यांदा घाबरून योक, म्हणजे समोरचं स्टिअरिंग, आणखी मागे ओढलं, जे कुणीही करेल, कारण नाक खाली जातंय तर वर ओढावं असंच हात सांगतो. सर म्हणाले, हात सांगतो ते ऐकू नकोस गं, सोड, पुढे जाऊ दे त्याला. सोडलं. विमानाने स्वतःच वेग घेतला आणि परत उडायला लागलं. सोडल्यावर ते सावरतं, हे कुणी कितीही फळ्यावर काढून दाखवलं तरी त्या वेळेला हातालाच शिकावं लागतं.

आणि पाय. समोर एक वाकडी काचेची नळी असते, तिच्यात एक काळी गोळी. विमान हवेतून तिरकं सरकत असेल तर गोळी बाजूला जाते. टेकऑफला पूर्ण पॉवर दिली की नाक डावीकडे ओढतं, तिथे उजवा पाय द्यायचा. "उजवा पाय! उजवा पाय कुठंय?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की अजूनही गंगापूर रोडवर स्कूटर चालवताना कधीकधी उजवा पाय दाबला जातो. मोठ्या विमानात यातलं बरंच काही यंत्र सांभाळून घेतं. इथे तुमचा पाय झोपला की गोळी सांगते.

सर कधीकधी जुन्या गोष्टी काढायचे, पाऊस असला आणि फ्लाइंग नसलं की. जे. आर. डी. टाटांना १९२९ च्या फेब्रुवारीत भारतातलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं, तेव्हाही शिकायची विमानं दोन सीटचीच होती, मॉथ. १९३० मध्ये आगा खानांनी ठेवलेली इंग्लंड-भारत एकट्याने उडायची स्पर्धा झाली, जेआरडी इकडून निघालेले आणि अस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा पोरगा तिकडून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली, अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून बसलेला. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग काढून दिले, आणि ती स्पर्धा अस्पी जिंकला, पुढे हवाई दलाचा प्रमुख झाला. दुसरी गोष्ट मला जास्त जवळची, सरला ठकराल यांची. १९३६ साली, २१ व्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ एकट्याने उडवलं, आणि घरी चार वर्षांची मुलगी होती. मी होस्टेलवर रात्री रडायचे तेव्हा ही गोष्ट स्वतःला सांगायचे.

आणि आपली स्वतःची विमानं. एचएएलचं, म्हणजे बंगळुरूच्या सरकारी विमान कंपनीचं, एचटी-२ हे दोन सीटचं शिकवायचं विमान १९५१ मध्ये उडालं, स्वतंत्र भारताने स्वतः आखून बनवलेलं, आणि ते करणारी टीम होती डॉ. विष्णू माधव घाटगे यांची, जर्मनीत वायुगतिकीचे मोठे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेला मराठी माणूस. हे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात ठळक असायला हवं असं मला मनापासून वाटतं. मी घाटगेंबद्दल मुलांना सांगते तेव्हा वर्गातल्या एकालाही ते माहीत नसतं. त्यानंतर १९५८ मध्ये आलं पुष्पक, शेजारी-शेजारी दोन सीट, वरून पंख, पंखांवर पत्र्याऐवजी कापड ताणून मढवलेलं, ९० हॉर्सपॉवरचं इंजिन. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत एक पिढीच्या पिढी त्याच्यावर शिकली.

पुष्पक हे नाव ऐकलं की आमच्या आजीची आठवण येते. पंचवटीत काळाराम मंदिराच्या मागे तिचं माहेर. ती सांगायची, रावणाला मारून राम पुष्पकातून अयोध्येला निघाला तेव्हा वाटेत सीतेला वरून दाखवत गेला, हे बघ जनस्थान, ही गोदावरी, ही आपली पर्णकुटी, इथून तुला नेलं, इथे जटायू तुझ्यासाठी लढला. जटायू पडला तो आमच्या टाकेदला, असं आजी छातीठोकपणे सांगायची. लहानपणी त्या गोष्टीत मला विमानाचं कौतुक होतं. आता वाटतं, जिथे इतकं सोसलं ती जागा दोघांनी शेजारी बसून वरून बघायची, हे केवढं मोठं आहे. माझ्या ३०० नॉटिकल मैलांच्या क्रॉस कंट्रीला, म्हणजे लांब पल्ल्याच्या उड्डाणाला, कमर्शियल लायसन्सला ती लागतेच, मी एकटी होते आणि डाव्या हाताला लांबवर सातमाळ्याची रांग दिसली. धोडपची ती कापलेली खाच, अगदी करवतीने कापल्यासारखी. खाली द्राक्षांच्या बागा, रेघा मारलेल्या वहीसारख्या, आणि मधेमधे शेततळी उन्हात चमकणारी. इकडे बघ म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. मी मोठ्याने म्हटलं तरीही.

शेजारी कुणी नसणं, त्याबद्दलच खरं तर लिहायचं होतं.

माझा सोलो एकोणीस तासांनंतर झाला. त्या दिवशी सरांबरोबर तीन सर्किट्स झाली, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, तीन लँडिंग्ज, तिसरं जरा आपटलं, मला वाटलं आज काही खरं नाही. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, सर म्हणाले, थांबव इथे. इंजिन चालूच. त्यांनी हेडसेट काढला, बेल्ट सोडला, आणि खाली उतरून बाहेरून तो बेल्ट परत नीट रिकाम्या सीटवर आवळून बांधला, म्हणजे सुटं टोक कशात अडकू नये. दार लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि पाठ फिरवून गवताकडे चालायला लागले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. खूप नंतर कळलं की वळून बघायचं नसतं, शिकणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलं.

मी पॉवर दिली आणि विमान नेहमीपेक्षा आधी उचललं गेलं. एका माणसाचं वजन कमी, सत्तरऐंशी किलो, एवढ्या लहान विमानाला तो फरक फार मोठा. नेहमी ज्या झाडापाशी आम्ही पाचशे फुटांवर असायचो तिथे मी सातशेवर. रेडिओवर माझाच आवाज, इंजिनाचा आवाज, आणि उजवीकडे ती बांधलेली सीट. मी डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, कार्ब हीट, म्हणजे इंजिनात बर्फ धरू नये म्हणून गरम हवा सोडणारी कळ, ओढली आणि सवयीने उजवीकडे बघितलं, बरोबर ना, असं विचारायला. तिथे बकलवर ऊन पडलं होतं. पण पायात मात्र सर होते, उजवा पाय, उजवा पाय. सगळं धरून सहा मिनिटं. लँडिंग त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं झालं.

इतर विमानांत सीटा असतात त्या भरायला. हे विमान एक सीट एक दिवस रिकामी करता यावी म्हणून बनवलंय असं मला तेव्हापासून वाटत आलंय. सगळं दुहेरी, दोन योक, पायाखाली पेडलच्या दोन जोड्या, दोघांना ब्रेक, आणि ही सगळी जोडी कशासाठी तर त्यातला एक उतरून जावा यासाठी.

१५२ बनणं १९८५ मध्येच बंद झालं. म्हणजे भाची ज्यात शिकतेय ते विमान तिच्या दुप्पट वयाचं आहे, तिच्या आईवडिलांच्या लग्नाच्या कितीतरी आधीचं. सुटे भाग बाहेरून यावे लागतात, इंजिनाला ठिणगी देणारा एखादा मॅग्नेटो गेला की विमान हँगरमध्ये आणि पोरं बाहेर कट्ट्यावर, घरच्यांनी कर्ज काढून पैसे भरलेले. दोनशे तास पूर्ण करायला कुणाला सव्वा वर्ष लागतं, कुणाला तीन. मला २०१२ ला लायसन्स मिळालं तेव्हा नोकऱ्या आटल्या होत्या, आणि मी शिकवण्याकडे वळले. त्याचं दुःख होतं, आता नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात ओझरला तेजसबरोबर एचटीटी-४० या ट्रेनरची लाइन सुरू झाली, तीही दोन सीटची, हवाई दलाच्या नव्या पोरांसाठी, अर्थात आमच्या १५२ पेक्षा फार मोठं आणि ताकदीचं विमान. पेपरात तेजसचा फोटो मोठा होता. अण्णांनी चष्मा लावून बातमी वाचली, आणि ट्रेनरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, हे इथं होतंय ते फार चांगलं झालं. तेवढंच.

अण्णांना मी एकदा वर नेलं होतं. लायसन्स मिळाल्यावर, स्कूलच्या परवानगीने, अर्धा तास. निळ्या चौकडीचा रुमाल त्यांच्यासमोर पंखाला लावला, पिपाणी वाजवली. त्यांचं लक्ष तिकडे नव्हतंच, ते पंखाच्या खालून रिव्हेटच्या ओळीवरून बोट फिरवत चालले होते, एक एक, ओठ हलत होते, मोजत होते बहुतेक. एका जागी थांबले, नखाने टोकरलं, मान हलवली आणि पुढे गेले. मग उजव्या सीटवर बसवलं, गुडघे जवळ घेऊन बसले, हात मांडीवर, पेडलला पाय लागू नये म्हणून पाय मागे ओढलेले.

वर गेल्यावर मला वाटलं ते बाहेर बघतील. तापी दाखवली, दूरचा सातपुडा दाखवला. अण्णांचे डोळे अर्धवट मिटलेले. घाबरलेत का म्हणून विचारलं तर हेडसेटमधून म्हणाले, इंजिन छान आहे गं, पण माझ्या बाजूला खाली काहीतरी वाजतंय. ठक ठक. मला ऐकू येत नव्हतं. मी सगळे काटे बघितले, ऑइलचं प्रेशर, तापमान, सगळं हिरव्यात. तरी ते म्हणतात म्हणून वळले आणि येऊन उतरले.

इंजिन बंद करून त्यांच्या बाजूला गेले तर दाराखालून बेल्टचं टोक बाहेर लोंबत होतं. त्यांनीच बसताना दार लावलं तेव्हा अडकलेलं, आणि मी दोनदा ओढून बघितलं नव्हतं. पूर्ण उड्डाणभर ते लोखंडी टोक वाऱ्याने पत्र्यावर आपटत होतं, बोटभर जागेवरचा रंग उडाला होता. मी सॉरी म्हणाले. अण्णांनी वाकून त्या जागेवर अंगठा फिरवला, चीर नाही ना बघितलं, रुमालाने पुसलं, परत बघितलं.

"नुसता रंग आहे," म्हणाले. "पण लिहून दे."

मी म्हटलं सांगते मेकॅनिकला तोंडी. तर म्हणाले, तोंडी नाही, वहीत लिही. मी ऑफिसमध्ये जाऊन डिफेक्टच्या वहीत लिहिलं, तारीख, वेळ, उजवं दार, खालची कड. अण्णा टेबलाशी उभे, आणि मी खाली सही करेपर्यंत जागचे हलले नाहीत.